चाळीस मिनिटांचं घर

२ फेब्रुवारी

आलो एकदाचा. बॅग टाकली, तोंडावर पाणी मारलं आणि पहिलं काम केलं ते खिडकीशी जाऊन उभं राहायचं. दिसतं. अगदी समोर दिसतं. गल्ली इतकी चिंचोळी आहे की तिच्या स्वयंपाकघरामागची बाल्कनी, दोरीवरचे कपडे, कोपऱ्यात पालथी घातलेली बादली, सगळं हाताशी असल्यासारखं. मास्तरांना वाटतंय मी संगीतासाठी आलोय. वाटू दे.

आजपासून रोज लिहायचं ठरवलंय, तर पहिल्यापासून लिहितो. कॉलेज सोडून तीन महिने झाले. घरी सगळे 'काढून टाकलं' म्हणतात, ते साफ चूक आहे. वर्गातला एक शहाणा तिच्या चालण्याची नक्कल करत होता, त्याच्या कानाखाली जाळ काढला. प्राचार्य म्हणाले माफी माग. मी म्हणालो, तुमचं कॉलेज तुमच्यापाशी ठेवा. तेव्हापासून बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात. आणि जिच्यासाठी एवढं केलं ती काय म्हणाली, तर मी तुला सांगितलं होतं का. वर असंही म्हणाली की यापुढे माझ्या मागे येऊ नकोस. मुली असं म्हणतातच. शिवाय मी मागे आलेलोच नाही. समोर आलोय.

जाहिरात चार ओळींची होती. संगीतकाराला मदतनीस हवा, कान चांगला पाहिजे, शिक्षणाची अट नाही, राहण्याजेवणाची सोय. खालचा पत्ता वाचला आणि उडालोच. तिचीच गल्ली.

मास्तर साठीच्या पुढचे, काटकुळे, दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल. इतकं हळू बोलतात की आपण आपोआप पुढे वाकतो. मुलाखत म्हणजे काय, मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मागे काहीतरी खाली टाकलं. काय पडलं, विचारलं. मी म्हणालो, चमचा, आणि त्याची दांडी वाकलेली आहे. त्यांनी चमचा उचलून पाहिला, दांडी पाहिली, माझ्या पाठीवर थाप मारली. झाली नेमणूक.

काकू, म्हणजे मास्तरांची बायको, बोलत नाहीत. कमरेला एक छोटी पाटी अडकवलेली असते, त्यावर खडूने लिहितात. मला पाहिल्याबरोबर लिहिलं, भूक लागली असेल. जन्मापासून मुक्या असाव्यात. चालतातही मांजरासारख्या, मागे येऊन उभ्या राहिल्या तरी कळत नाही. पण जेवायला वाढताना हात सढळ. माझ्या आईने पाहिलं तर तिला बरं वाटेल.

माझी खोली वरच्या मजल्यावर. पूर्वी इथे ध्वनिमुद्रण व्हायचं. भिंतींना कापसाच्या गाद्या ठोकलेल्या, दार कपाटाएवढं जाड, खाली बोटभर फट तेवढी, खिडकीला दोन-दोन काचा, त्या उघडत नाहीत, दोन्हींच्या मध्ये लोखंडी गज. बाहेरचं काही आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. झोप मस्त लागणार.

५ फेब्रुवारी

काम एकदम झकास आहे. मास्तर घरातल्या आवाजांचं संगीत करतात. वाद्य एकही नाही. बादली भरताना पाण्याचा सूर कसा वर-वर चढत जातो, झाकण फरशीवर पडलं की गोल-गोल फिरत शेवटी कसं घाई-घाईने थरथरतं, ओल्या कपड्यावर इस्त्री कशी चरचरते. हे सगळं टेपवर घ्यायचं, मग टेपचा हवा तेवढा तुकडा ब्लेडने तिरका कापायचा आणि चिकटपट्टीने दुसऱ्या तुकड्याला जोडायचा. असे हजारो जोड देऊन एक मोठं रीळ तयार होतंय. चाळीस मिनिटांचं एक अख्खं घर, असं मास्तर म्हणतात. तीस वर्षं चाललंय. साडेसदतीस मिनिटं झालीत.

घेण्याची शिस्त कडक. मशीन सुरू केलं की आधी आपल्या तोंडाने सांगायचं, काय आणि कितव्यांदा. 'बादली, रिकामी, तीन.' 'पाणी, बादलीत, दोन.' नाहीतर शंभर तुकड्यांत कुठला कुठला ते कळत नाही. कापताना माझं ते बोलणं बाजूला निघतं. मास्तर ते फेकत नाहीत, एका पत्र्याच्या डब्यात टाकतात. मी म्हणालो, कचरा कशाला जपता. ते म्हणाले, सवय.

हात बसावा म्हणून आधी माझ्याच खोलीवर सोडलं. खाट, खुर्ची, टेबलाचा खण, कडी, पायाखालच्या फळ्या, काचेवर बोटांची पेरं. शेवटी दारावर दोन्ही मुठींनी असा काही ठेका धरला की मास्तर स्वतः मान हलवायला लागले. वीस वर्षांत कोणी मला शाबास म्हटलं नव्हतं. आज दोनदा.

ती दुपारी कपडे काढायला आली होती. केस मोकळे.

९ फेब्रुवारी

मास्तरांकडे हातभर लांब नळीसारखा एक माइक आहे. ज्याच्याकडे रोखाल तेवढंच ऐकू येतं. छोटं मशीन आणि तो माइक घेऊन गच्चीवर गेलो. कबुतरं घेतो म्हणून सांगितलं.

ती बाल्कनीत आईशी बोलत होती. आई शिवणकाम करते, गिऱ्हाइकाची कसली तरी गंमत सांगत होती. आणि ती हसली. हेडफोनमध्ये, अगदी माझ्या कानाच्या पाळीशी. आधी नाकातून एक छोटा फस्स, मग दोन पायऱ्या वर, मग श्वास संपल्यावर एक बारीकसा हुंकार. कॉलेजात तीन बाकं सोडून ऐकलेलं हे हसणं आता माझं एकट्याचं.

शिस्त मोडली नाही. माइक तोंडाजवळ धरून हळूच म्हणालो, 'ती, हसणं, एक.'

अकरा वेळा ऐकलं. जेवण गेलं नाही.

१३ फेब्रुवारी

आज स्वयंपाकघरात माझ्या हातून झाकण पडलं. तेच, पहिल्या आठवड्यात घेतलेलं. पडलं, गोल फिरलं, थरथरलं, बसलं. आवाज आला नाही.

कान गच्च झाले म्हणून कानात बोट घालून पाहिलं. बाहेरची सायकल ऐकू येत होती. झाकण पुन्हा टाकलं. पायाने उडवलं. भिंतीवर जाऊन आदळलं, पोचा पडला. काही नाही. मग बादली. मग वर जाऊन खाट, खुर्ची, दार. ही मी गाद्यांची करामत समजत होतो.

मास्तरांना विचारलं, तर कोणी पावसाबद्दल विचारावं तसं सहज सांगायला लागले. टेपवर घेतल्याने काही होत नाही. पण तुकडा कापून मोठ्या रिळात जोडला की आवाज तिथे राहायला जातो. मग मूळ वस्तूकडे तो उरत नाही. असं का होतं ते त्यांनाही ठाऊक नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा तेही घाबरले होते, म्हणाले. नंतर वाटलं, खरं संगीत असंच असणार, उसनं नाही.

मी विचारलं, मग काकू?

ते म्हणाले, तिने मला तिचा आवाज दिला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. रिळातला सगळ्यात सुंदर भाग तोच, तीन मिनिटं.

काकू दारातच उभ्या होत्या. मास्तर पाठमोरे होते. काकूंनी पाटी माझ्याकडे फिरवली. 'मागितला नव्हता.' मग पदराने पुसून टाकलं आणि मला चहा दिला.

घाबरायला हवं होतं, हे कळतंय मला. पण खरं लिहायचं तर अंगावर शहारा आला तो वेगळाच. जगात असं कुणाकडे असतं? माझ्या गादीखाली तिचं हसणं आहे आणि टेबलावर ब्लेड आहे. अर्थात मी काही तसा नाही.

१८ फेब्रुवारी

बाल्कनीत एक चष्मिष आला होता. गुळगुळीत भांग, हातात फळांची पिशवी. तिच्या आईने त्याला जावई असल्यासारखी खुर्ची पुसून दिली. मी माइक रोखला. साखरपुडा झालाय. गेल्या महिन्यात. तो कुठल्याशा शाळेत गणित शिकवतो.

तो विनोद सांगत होता. काय विनोद तर, एका मुलाने उत्तरपत्रिकेत उत्तराऐवजी 'सरांना माहीतच आहे' असं लिहिलं. यात हसण्यासारखं काय आहे? ती हसली. फस्स, दोन पायऱ्या, हुंकार. माझं हसणं. त्याला दिलं.

टाळकं सरकलं. मुठीत हेडफोनचा एक कान मोडला.

१९ फेब्रुवारी

कापलं. मीच कापलं. मास्तर शेजारी उभे होते, त्यांनी फक्त ब्लेड पुसून हातात दिलं. माझ्या गादीखालची टेप ऐकून त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं म्हणे. हसणं नसलेलं घर कुठे असतं का, म्हणाले.

सात सेकंदांचा तुकडा. बोटभर लांबीचा नाही, चांगला दोन-तीन हात भरला. जोड इतका सफाईदार बसला की हाताला लागत नाही.

संध्याकाळी गच्चीवर गेलो. बाल्कनीत तिची धाकटी मावशी आली होती. काहीतरी बोलणं झालं, मावशी हसली, तीही. तोंड उघडलं, खांदे हलले, डोळे मिटले. आवाज नाही. मावशी एकदम गप्प झाली. मग ती पण. तिने घशाला हात लावला, पुन्हा हसून पाहिलं, मुद्दाम, उगाच. शेवटी मावशीनेच विषय बदलला.

मला बरं वाटलं. इथे खोटं लिहून काय करू. खूप बरं वाटलं.

२६ फेब्रुवारी

आठ दिवसांत बरंच जमलं. तिचं गुणगुणणं. आईला हाक मारणं. स्वयंपाकघरात झुरळ निघालं तेव्हाची किंकाळी, जी इतकी उंच गेली की मशीनचा काटा कोपऱ्याला जाऊन अडकला. परवा ती बाल्कनीत बसून मैत्रिणीशी वीस मिनिटं बोलली, लग्नाच्या खरेदीबद्दल, ते अख्खं. मास्तरांनी सगळं वापरलं नाही, पण एकेका सुराचा, शब्दाचा तुकडा तेवढा रिळात जोडला. दळलेल्या पिठातून चाळून घेतात तसं. साडेअडतीस मिनिटं झाली.

ती आता बोलत नाही. बोलते, पण येत नाही. डॉक्टर झाले, दुसरे डॉक्टर झाले. घसा स्वच्छ आहे म्हणतात. तिची आई गल्लीत ज्याला-त्याला सांगत असते.

मी वाट बघतोय चष्मिष कधी पळतो त्याची. मुकी बायको कोण करतो? मग मी जाईन. मी म्हणेन, मला चालेल. मला तू अशीच चालशील.

काकू माझ्याकडे बघत नाहीत. पण ताटात मोठा वाटा अजून माझाच.

३ मार्च

पळाला नाही. वही घेऊन आला. निळ्या पुठ्ठ्याची. दोघं बाल्कनीत खांद्याला खांदा लावून बसतात आणि एकाच वहीत लिहितात. तो दोन ओळी, ती दोन ओळी. ती लिहून झाल्यावर त्याच्या तोंडाकडे बघत राहते, तो वाचून हसतो, मग तिचे खांदे हलतात. पूर्वी एवढं जवळ बसत नव्हते.

माझ्या माइकला काहीच मिळत नाही. पेन्सिलीची खरखर.

माझ्यामुळे. हे मी करून दिलं त्यांना.

६ मार्च

आज जे झालं ते लिहितो. लिहायलाच पाहिजे.

सकाळी अकराच्या सुमारास गच्चीवर होतो. हेडफोन लावलेले. तिची आई पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर, पाठ इकडे. ती स्वयंपाकघरात उकळत्या पाण्याचं पातेलं उतरवत होती. हात निसटला. सगळं पाणी मांड्यांवर, पायांवर.

तिने तोंड उघडलं. एवढं मोठं उघडलेलं तोंड मी कधी पाहिलं नाही. आणि माझ्या कानात काय, तर शिलाई मशीन. टक-टक-टक-टक. ती खाली पडली, ओट्याच्या कडेला धरून उठायला गेली, पुन्हा पडली. तोंड तसंच. आई दोरा तोडत होती. नवा दोरा ओवत होती.

ती किंकाळी मी कापली होती. झुरळाची.

माझ्या घशात आवाज होता. गल्ली दहा पावलांची. एक हाक पुरे होती. पण हाक मारली असती तर ती आई वर बघणार, आणि माझ्या हातात तो लांब माइक. मी हाक मारली नाही. ती सरपटत पुढच्या खोलीपर्यंत गेली आणि आईचा पाय धरला, तेव्हा मशीन थांबलं.

टेप चालू होती. नंतर मोजलं. दीड मिनिट.

७ मार्च

मास्तरांकडे गेलो. तिचं तिला परत द्या म्हणालो. पट्टी रिळातून काढून त्या माणसासमोर एकदा वाजवली की आवाज घरी परततो, हे त्यांनीच मान्य केलं. इतकं सोपं. मग द्या ना. तर म्हणतात, भोक कसं ठेवू? तेवढ्याच लांबीचं दुसरं काही आणून दे. आणि काम आता संपत आलंय.

माझा तोल गेला. जे तोंडाला येईल ते बोललो. चोर म्हणालो, बायकोचा गळा घोटणारा म्हणालो, आईवरून, बापावरून, जन्मात कधी उच्चारले नव्हते ते शब्द काढले, टेबल उलथलं, ओरडलो, रडलो, तिचं नाव घेऊन गयावया केली. पंधरा मिनिटं तरी. मास्तर हाताची घडी घालून ऐकत होते, मान थोडी तिरकी. मी त्यांना इतकं लक्ष देऊन ऐकताना कधी पाहिलं नव्हतं.

दम लागून थांबलो तेव्हा दिसलं. त्यांच्या मागे, शेल्फवर, मोठं मशीन. रीळ फिरत होतं.

ते रीळ कापायच्या आत पळवायला हवं. लोखंडी कपाटात ठेवलंय. किल्ली मास्तरांच्या गळ्यात. उद्या बघतो.

८ मार्च

सकाळी काकूंना म्हणालो, पाणी द्या. 'द्या' एवढंच आलं.

पुन्हा म्हणालो. जीभ वळली, ओठ मिटले, उघडले. जागा रिकामी. आरशासमोर उभं राहून एकेक शब्द म्हणून पाहिला. बादली नाही. इस्त्री नाही. एक, दोन, तीन नाही. चार आहे, कारण चौथ्यांदा आम्ही काहीच घेतलं नाही.

'ती' नाही. 'हसणं' नाही.

धावत कामाच्या खोलीत गेलो. पत्र्याचा डबा उघडा होता. रिकामा. पाचशे वेळा मीच माझ्या तोंडाने, नावानिशी, आकड्यानिशी—

९ मार्च

घरी जायला निघालो होतो. बॅग भरली. घरी जाऊन लिहून सगळं सांगणार होतो, बाबांना, पोलिसांना, तिच्या आईला. त्याआधी काकू ताट घेऊन वर आल्या. जेवून जा, पाटीवर लिहिलेलं. मी बसलो. त्या मागच्या पावली बाहेर गेल्या.

कडी लागलेली ऐकू आली नाही. ती कडी मीच घेतली होती.

दारावर मुठी आपटल्या. काच खुर्चीने फोडली, आतली फुटली, तुकडे पायाशी पडले, बर्फ पडावा तसे. बाहेरचीपर्यंत खुर्ची जात नाही, गज आहेत, आणि मुठीने ती फुटत नाही. पाय आपटले. फळ्या गप्प.

ओरडलो. अजून ओरडता येत होतं. गाद्यांनी पिऊन टाकलं.

१० मार्च

दुपारी ओरडत असतानाच गेला. मध्येच. नळ बंद केल्यासारखा. म्हणजे ते पंधरा मिनिटांचं रीळ कापून जोडलं.

दाराखालून पाटी आत सरकली. 'तुझा भरला की माझा मिळणार. तीस वर्षं झाली. क्षमा कर.'

मी पाटी पुसली. लिहिलं, तिचं काय? सरकवली.

परत आली ती कोरी.

११ मार्च

खाली कोणीतरी गातंय. बायकी आवाज. गंजलेला, मग हळूहळू मोकळा. दाराखालच्या फटीतून येतोय. फार गोड आवाज आहे. तीन मिनिटं म्हणत होते मास्तर—

मग त्या रडल्या. मोठ्याने. मग पुन्हा गायल्या.

कानांवर हात ठेवून बसलो.

१२ मार्च

मास्तर आले. दार उघडलं नाही, फटीशी वाकून बोलले. आनंदात होते. माझा राग अप्रतिम आहे म्हणाले, घरात राग नव्हताच. आता एकोणचाळीस मिनिटं. तिच्या आईला भेटून आलेत. तिला म्हणाले, मुलीचा आवाज परत आणायचा एक उपाय आहे, माझ्याकडे अशी यंत्रं आहेत, रविवारी दुपारी घेऊन या. आई पाया पडली म्हणे.

मला विचारता येत नव्हतं. ते माझ्या मनातलं ओळखून म्हणाले,

"अरे, परत कसलं देतोय. तिचं रडणं अजून राहिलंय."

तिच्या रडण्याचा आवाज अजून होतो म्हणे. मी ते घेतलं नव्हतं. कधी ऐकलंच नव्हतं. आईच्या कुशीत रडते ती, भाजल्यापासून. तेवढं एक उरलंय, आई जागी होते त्याने. तेही घेणार. आणि त्याच्यानंतर श्वास, म्हणाले. झोपलेल्या माणसाचा.

मास्तरांनी पूर्वी घड्याळाचा आवाज घेतला असेल तेव्हा घड्याळ चालूच राहिलं असेल का? कुणास ठाऊक. या घरात चालणारं घड्याळ मी पाहिलेलं नाही.

१३ मार्च

वहीत कोरी पानं नऊ. दोन-दोन जोडून मोठा कागद होतो. शाईत बोट बुडवून लिहायचं. बाहेरची काच स्वच्छ आहे. त्यांच्या दारातून आमच्या दारापर्यंत दहा पावलं. वर बघायला एक क्षण पुरे. 'आत येऊ नकोस.' एवढंच. खाली माझं नाव घालणार नाही.

माझा जीव गेला तरी चालेल. हे मी पूर्वी तिला तीनदा लिहिलं होतं. तेव्हा खोटं होतं.

१४ मार्च, रविवार

तीन वाजले असावेत. कागद तयार. खिडकीशी उभा राहून लिहितोय.

दार उघडलं त्यांचं. आई पुढे. ती लंगडतेय, पायाला पट्ट्या. चष्मिषने हात धरलाय. निळी वही त्याच्या काखेत.

कागद काचेला लावला. हात हलवतोय. वर बघ. वर—

बघितलं. तिने वर बघितलं.

मला बघितलं. कागद नाही, मला. पाहू नये ते पाहिल्यासारखी मान वळवली. तिला आत्ता कळलं असणार मी इतके दिवस कुठून—

चष्मिष थांबला. तो वाचतोय. वाचतोय तो. चष्मा वर करून, नीट, एकेक अक्षर. तिला हाताने थांबवलं. मला विचारतोय, खुणेने, काय झालं? भला माणूस आहे. देवा, भला माणूस आहे हा. मी हात जोडले. नको, नको, मान हलवतोय—

तिने वही ओढून घेतली. लिहितेय. एकच ओळ. त्याला दाखवली.

त्याने पुन्हा वर बघितलं. आता वेगळं. प्राचार्य बघायचे तसं. त्याने तिच्या खांद्याभोवती हात टाकला आणि तिला माझ्यापासून आडोसा केला—

खाली दार उघडलं. फटीतून काकूंचा आवाज. मायाळू, अगदी आजीसारखा.

"ये गं बाळा, आत ये. इथे तुला कुणी काही करणार नाही."

आई आत गेली. ती पायरीपाशी. पाय दुखतोय, थांबलीय. दुसरा कागद करतो. तुझं हसणं मीच, असं लिहितो, मग तरी वाचशील, शिव्या द्यायला तरी वर बघशील. शाई सांडली. बोटाने— एक पायरी चढली. अगं माझ्यावर थुंक, पण आधी वाच, फक्त एवढं एकदा वा